पाचशे साठ हा आकडा कुठून आला?

 

आजचा विषय ऐकून निम्मे जण एपिसोड पुढे ढकलतील, तरी सांगून टाकतो. विषय आहे प्रोजेक्ट रिपोर्ट. हो, तेच ते ब्लॅक बुक. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, झेरॉक्सवाल्याकडे रात्री अकराला लागलेली रांग आणि "दादा, सकाळी नऊच्या आत पाहिजे हां" अशी विनवणी. शेवटच्या वर्षाला असाल तर हे येणारच आहे. होऊन गेलं असेल तर तुम्हाला बाइंडिंगच्या डिंकाचा वास आत्ताच आला असेल.

रिपोर्ट आणि प्रेझेंटेशन या दोन गोष्टी आपण शेवटच्या आठवड्यात उरकायच्या समजतो. खरं काम म्हणजे कोड, सर्किट, मॉडेल. रिपोर्ट म्हणजे फॉर्मॅलिटी. मीही असंच समजत होतो. त्यामुळे काय झालं, ते आज सांगणार आहे. आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीचा हा किस्सा आहे. तिला विचारूनच सांगतोय. नाव घेऊ नकोस म्हणाली, म्हणून घेत नाही.

साल २०१८. बीटेकचं शेवटचं वर्ष. आम्ही चौघं. प्रोजेक्ट तुम्ही शंभर वेळा ऐकलेला: मातीतला ओलावा मोजायचा आणि माती कोरडी झाली की ठिबकचा व्हॉल्व्ह आपोआप उघडायचा. नोडएमसीयूचा बोर्ड, दोन पायांचा स्वस्तातला मॉइश्चर सेन्सर, एक रिले आणि बारा व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. मोबाइलवर आकडे दिसायचे. प्रत्येक कॉलेजात दर वर्षी दोन ग्रुप तरी हे करतातच.

या सेन्सरचं काम साधं आहे. त्याच्या दोन पायांमधून मातीत थोडा करंट जातो. माती ओली असली की तो सहज जातो, कोरडी असली की अडतो. बोर्डला त्याचा एक आकडा मिळतो, शून्य ते १०२३ मधला. आमच्या जोडणीत माती कोरडी असली की आकडा मोठा आणि ओली असली की लहान. आता प्रश्न एकच. व्हॉल्व्ह नेमक्या कितव्या आकड्याला उघडायचा? पाचशेला? सातशेला? सगळा प्रोजेक्ट या एका आकड्यावर उभा असतो. बाकीचं यूट्यूब बघून दोन दिवसांत जोडता येतं.

हा आकडा आमच्या त्या मैत्रिणीनं काढला. तिच्या घरची शेती आहे, काळ्या मातीची. दिवाळीच्या सुट्टीत ती सेन्सर घेऊन घरी गेली. तिच्या पप्पांनी नुकत्याच लावलेल्या वांग्याच्या दोन ओळींचं ठिबक बंद ठेवलं. अकरा दिवस. रोज सकाळी सातला ती रीडिंग घ्यायची. त्याच जागेवरची मूठभर माती प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, तोंड घट्ट बांधून, वर तारखेची चिठ्ठी लावायची. आठव्या दिवशी दुपारी रोपांनी माना टाकल्या. सातव्या दिवशीचं सकाळचं रीडिंग होतं ५६०. म्हणजे रोपाला त्रास व्हायच्या आधीचा शेवटचा आकडा हा. अकराव्या दिवसापर्यंत त्या दोन ओळींतली बरीच रोपं गेली. पप्पा म्हणाले, "असू दे, शिकायला पाहिजे ना."

सुट्टी संपल्यावर ती त्या अकरा पिशव्या सॅकमध्ये घालून एसटीनं परत आली. सिव्हिलच्या लॅबमध्ये माती सुकवायचा ओव्हन असतो. तिनं प्रत्येक पिशवीतली माती आधी वजन केली, मग १०५ डिग्रीला २४ तास ठेवली आणि परत वजन केली. जेवढं वजन कमी झालं, तेवढं पाणी. त्याला कोरड्या मातीच्या वजनानं भागलं की ओलावा टक्क्यांत मिळतो. मातीचा ओलावा मोजायची ही नेहमीची, खात्रीची पद्धत आहे. तर तिच्याकडे अकरा दिवसांचे सेन्सरचे आकडे, त्यासमोर अकरा दिवसांचे खरे टक्के आणि झाडाची अवस्था, असं सगळं एका दोनशे पानी वहीत होतं.

मला तिनं व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाकला, "थ्रेशोल्ड ५६० ठेव." मी कोडमध्ये ५६० टाकलं. संपलं.

मग एप्रिल आला. सबमिशनला तीन दिवस उरले. रिपोर्ट लिहायची जबाबदारी माझी, कारण माझं टायपिंग फास्ट. मी काय केलं? सीनियरचं ब्लॅक बुक मागवलं. त्यांचाही प्रोजेक्ट ओलाव्याचाच होता. इंट्रोडक्शन तेच ठेवलं. लिटरेचर सर्व्हेचे पॅराग्राफ इकडेतिकडे फिरवले. चौथा चॅप्टर, मेथडॉलॉजी, जवळपास जसाच्या तसा उचलला. म्हटलं, मेथडॉलॉजी काय, सगळ्यांची सेमच असते. फोटो आमचे लावले. ऋणनिर्देशाचं पानसुद्धा त्यांचंच, फक्त गाईडचं नाव बदललं. तीन रात्रींत ७२ पानं झाली. मला तर स्वतःचा अभिमान वाटत होता.

व्हायवाचा दिवस. एक्स्टर्नल सर पन्नाशीचे, शांत. डेमो आधी चालेना, कारण कॉलेजच्या वायफायला लॉगिनचं पान उघडून पासवर्ड टाकावा लागायचा आणि आमच्या बोर्डला ते जमणारं नव्हतं. मग मित्राच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. तो निघाला पाच गिगाहर्ट्झवर. आमच्या बोर्डला फक्त २.४ कळतं. हे कळेपर्यंत दहा मिनिटं गेली. शेवटी चाललं. कोरड्या मातीच्या कुंडीत सेन्सर घातला, टक्‌ आवाज आला, पाणी सुरू. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो.

सरांनी पुस्तक उघडलं. कुठलंतरी मधलंच पान. मग लॅपटॉपवरचा कोड बघितला. म्हणाले,

"इथे लिहिलंय आकडा ७०० च्या वर गेला की व्हॉल्व्ह उघडतो. कोडमध्ये ५६० आहे. खरा कुठला?"

७०० सीनियरचा होता. त्यांनी मुरमाड मातीत केलं होतं. मी तो बदलायला विसरलो होतो.

"सर, ५६०."

"का? ५६० हा आकडा कुठून आला?"

आता मला आठवतच नव्हतं. सहा महिन्यांपूर्वीचा एक मेसेज. पण मी ग्रुप लीडर, गप्प कसा बसणार? मी म्हटलं, "सर, डेटाशीटमध्ये दिलंय."

सर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "सेन्सर बनवणाऱ्याला तुमची माती कशी माहीत?"

मागून आवाज आला, "सर, तो आकडा मी काढलाय." आणि तिनं सगळं सांगितलं. वांगी, पिशव्या, ओव्हन, सगळं. सर खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. त्या अख्ख्या व्हायवात तेवढीच पाच मिनिटं ते खरोखर ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "हे पुस्तकात कुठल्या पानावर आहे?"

ती माझ्याकडे बघायला लागली.

"पुस्तकात नाही, सर."

"वही आणलीय?"

"घरी आहे, सर."

सर म्हणाले, "मला तुझं पटतंय. पण माझ्यासमोर जे पुस्तक आहे, त्यात दुसऱ्याच कुणाची तरी माती आहे. मी मार्क कशावर देऊ?"

पास झालो. मार्क जेमतेम. माझं काही बिघडलं नाही, मला आधीच नोकरी लागली होती. तिला एमटेक करायचं होतं आणि हा प्रोजेक्ट म्हणजे तिच्याकडे दाखवण्यासारखी एकमेव गोष्ट होती. बाहेर आल्यावर मी सॉरी म्हटलं. तिनं ब्लॅक बुकचं दुसरं पान उघडून माझ्यासमोर धरलं. ऋणनिर्देश. म्हणाली, "ज्या प्राचार्यांनी आपला प्रोजेक्ट कधी बघितलासुद्धा नाही, त्यांचे आभार आहेत. माझ्या पप्पांचं नाव नाही."

यावर काय बोलणार?

त्या दिवसानंतर रिपोर्टकडे बघायची माझी नजर बदलली. रिपोर्ट म्हणजे साक्ष. कुणी काय केलं, का केलं आणि काय झालं, याची साक्ष. काम करणारा माणूस समोर नसताना त्याच्या वतीनं बोलायला तेवढंच एक असतं. ती साक्ष शेवटच्या तीन रात्रींत लिहायला बसलं की आपल्याला आठवत नाही. आठवत नाही म्हणून आपण दुसऱ्याची उचलतो. कॉपी बऱ्याचदा आळसातून होत नाही मित्रांनो, ती विसरण्यातून होते. आपलं स्वतःचं काम आपल्याकडे लिहिलेलं नसतं, म्हणून आपण दुसऱ्याचं घेतो.

तर आता कामाचं बोलू. आज मी परत शेवटच्या वर्षाला असतो तर काय केलं असतं?

पहिली गोष्ट, रोजनिशी. कॉलेज एक लॉगबुक देतं, माहितीये. त्यावर गाईडच्या सह्या आपण शेवटी एकदम घेतो, तेही माहितीये. मी त्याबद्दल बोलत नाहीये. तुमच्या मोबाइलमध्ये एक नोट उघडा. ज्या दिवशी प्रोजेक्टला हात लावाल, त्या दिवशी तीन ओळी. काय केलं. काय झालं. काय ठरवलं आणि का. लिहायचा कंटाळा असेल तर व्हॉइस नोट टाका, ग्रुपवर. वायर जोडली की फोटो. स्क्रीनवर एरर आली की स्क्रीनशॉट. रोज दोन मिनिटं. "आज थ्रेशोल्ड ५६० ठेवला, कारण आठव्या दिवशी रोपं सुकली आणि सातव्या दिवशीचं रीडिंग ५६० होतं." एवढी एक ओळ माझ्याकडे असती तर हा एपिसोड झालाच नसता.

१९४७ ची गोष्ट सांगतो. अमेरिकेत हार्वर्डला मार्क टू नावाचा खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर होता, रिलेवर चालणारा. ९ सप्टेंबरला तो बिघडला. शोधल्यावर सापडलं काय, तर एका रिलेत अडकलेला पतंग, म्हणजे दिव्याभोवती फिरतो तो किडा. तिथल्या लोकांनी तो चिमट्यानं काढून फेकला नाही. चिकटपट्टीनं वहीत चिकटवला, शेजारी वेळ लिहिली आणि कितव्या नंबरच्या रिलेत मिळाला तेही लिहिलं. बग हा शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून इंजिनियर लोक वापरत होते, त्यामुळे इथे "खराखुरा बग सापडला" असा विनोदही त्यांनी करून ठेवला. ती वही आज वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. मशीन गेलं, वही राहिली.

दुसरी गोष्ट, रिपोर्ट पहिल्या पानापासून लिहायला बसू नका. आपण "आजच्या धावपळीच्या युगात" पासून सुरू करतो आणि तिथेच दमतो. मधून सुरू करा. आधी तुम्ही काय केलं ते लिहा, कारण ते फक्त तुम्हाला माहितीये. मग काय निकाल आले. मग त्यातून काय कळलं. मग दुसऱ्यांनी याआधी काय केलं होतं आणि तुमचं त्याहून वेगळं कुठे पडतं. इंट्रोडक्शन त्यानंतर. ॲबस्ट्रॅक्ट सगळ्यात शेवटी, आणि त्यात चारच गोष्टी: अडचण काय होती, आम्ही काय केलं, किती जमलं, कुठे नाही जमलं.

निकालाच्या चॅप्टरमध्ये "सिस्टीम उत्तम प्रकारे चालते" असं लिहू नका. किती वेळा चालवली? किती वेळा चुकली? वीस वेळा चालवली आणि सतरा वेळा बरोबर आली, तर सतरा लिहा, आणि उरलेल्या तीन वेळा काय झालं तेही लिहा. परीक्षकाचं मन त्या तिनावरच जातं. शंभर टक्के हा आकडा बघून अनुभवी माणूस लगेच सावध होतो.

जे फसलं ते लपवू नका. आमचा पहिला सेन्सर काही आठवड्यांत मेला होता. ओल्या मातीत सतत करंट चालू राहिला की त्याच्या धातूच्या पायांवर रासायनिक क्रिया होऊन ते झिजतात. आमचा तर एक पाय अक्षरशः खाल्ला गेला होता. मग आम्ही युक्ती केली. सेन्सरला करंट सतत द्यायचा नाही, रीडिंग घेण्यापुरता द्यायचा आणि लगेच बंद करायचा. नवा सेन्सर शेवटपर्यंत टिकला. हे आम्ही स्वतः शोधलं होतं! आणि रिपोर्टमध्ये यातलं एक अक्षर नाही, कारण मला वाटलं की सेन्सर खराब झाला हे सांगितलं तर मार्क कापतील. त्या गंजलेल्या सेन्सरचा फोटो आणि खाली चार ओळी एवढंच असतं, तरी ते आमच्या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान झालं असतं.

मर्यादासुद्धा लिहा. एकच शेत, एकच प्रकारची माती, एकच पीक, अकरा दिवस. हा आकडा दुसऱ्या मातीत चालेलच असं नाही. हे तुम्ही आधीच सांगितलं की समोरचा तुम्हाला पकडत नाही, तुमच्याशी बोलायला लागतो.

तिसरी गोष्ट, कुणी काय केलं ते नावानिशी लिहा. एक अर्धं पान पुरतं. हिनं मोजमाप केलं, यानं ॲप लिहिलं, त्यानं सर्किट जोडलं. "सगळ्यांनी मिळून केलं" या वाक्यात जो सगळ्यात कमी बोलतो त्याचं काम गडप होतं. आणि ऋणनिर्देश खरा लिहा. लॅब उघडून देणारे मामा, ओव्हन वापरू देणारे सिव्हिलचे सर, ज्यांनी वांगी सुकू दिली ते पप्पा.

आता कॉपीबद्दल थोडं. हल्ली टक्केवारीचा खेळ चालतो. यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत, प्रबंधांसाठी. साम्य १० टक्क्यांपर्यंत असलं तर दंड नाही, त्यावर पायऱ्यापायऱ्यांनी कारवाई, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. मग पोरं काय करतात? शब्द फिरवतात. टक्के खाली आणतात. आणि २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून तर शब्द फिरवायचीही गरज उरली नाही. मी स्वतः रोज कामात असली टूल्स वापरतो, त्यामुळे वापरू नका असं मी सांगणार नाही. भाषा नीट करून घ्या, स्पेलिंग तपासून घ्या. पण एक लक्षात ठेवा. त्याला वांग्याच्या त्या दोन ओळी माहीत नाहीत. तुम्ही सांगितलं नाही तर ते छान इंग्रजीत कुणाच्यातरी सातशेवर रिपोर्ट लिहून देईल. साम्य शून्य टक्के, आणि तरी खोटं.

चौथी गोष्ट, प्रेझेंटेशन. इथे एक गंभीर गोष्ट सांगतो. कोलंबिया यान तुम्हाला माहीत असेल, आपल्या कल्पना चावला त्यात होत्या. १६ जानेवारी २००३ ला उड्डाण झालं तेव्हा बाहेरच्या टाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असताना इंजिनियर लोकांनी अभ्यास केला की याचा धोका किती, आणि तो स्लाइडवर मांडला. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक वाचून असं वाटायचं की काळजीचं विशेष कारण नाही. खाली मुद्दे, उपमुद्दे, त्याखाली अजून बारीक उपमुद्दे. आणि अगदी तळाला एक ओळ होती: तुकड्याचा आकार १९२० घन इंच, आणि ज्या चाचण्यांच्या आधारावर आपण बोलतोय त्यातला तुकडा ३ घन इंच. म्हणजे ६४० पट मोठा! चाचणी इथे लागूच पडत नव्हती. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सगळ्यात खाली होती. १ फेब्रुवारीला परत येताना यान तुटलं, सातही जण गेले. अपघाताची कारणं बरीच होती, एका स्लाइडमुळे झालं असं कुणी म्हणत नाही. पण चौकशी मंडळानं आपल्या अहवालात त्या स्लाइडची वेगळी दखल घेतली, आणि तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइडवर काम भागवायच्या सवयीवर टीका केली.

आपल्या प्रोजेक्टमध्ये कुणाचा जीव जात नाही, मान्य. सवय मात्र तीच. म्हणून स्लाइडचं शीर्षक "रिझल्ट्स" असं ठेवू नका. पूर्ण वाक्य लिहा: "काळ्या मातीत ५६० च्या वर रोपं सुकायला लागतात." खाली एक आलेख. बास. दहा मिनिटं असतील तर आठ-नऊ स्लाइड पुरतात. इंडेक्सची स्लाइड नको, आयओटीची व्याख्या नको, समोरच्यांना ती माहितीये. पहिल्या मिनिटात अडचण सांगा, दुसऱ्यात तुमचा उपाय, आणि जास्तीत जास्त वेळ द्या तुम्ही स्वतः जे केलं त्याला. जो ते काम करतो, त्यानंच ते बोलावं. ग्रुप लीडरनं सगळं बोलायचं ही पद्धत बंद करा. माझी गोष्ट ऐकलीत ना!

डेमोचा व्हिडिओ आदल्या दिवशी काढून मोबाइलमध्ये ठेवा. हॉटस्पॉट २.४ वर आहे का बघा. ज्या खोलीत व्हायवा आहे, त्या खोलीत एकदा चालवून बघा. आणि एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "माहीत नाही सर, पण शोधायचं झालं तर असं करून बघेन" म्हणा. माझ्या डेटाशीटपेक्षा ते हजार पटीनं बरं.

पाचवी आणि शेवटची गोष्ट. ही मला दोन वर्षांनी कळली.

२०२१ ला मला एका ज्युनियरचा मेसेज आला. "दादा, तुमचा प्रोजेक्ट पुढे न्यायचाय, कोड आहे का?" मला बरं वाटलं. पेनड्राइव्हमधून शोधून झिप पाठवली. दुसऱ्या दिवशी त्याचा स्क्रीनशॉट, कोड कंपाइल होत नाही. आम्ही आर्डुइनोजेसन नावाची लायब्ररी वापरली होती, तिची पाचवी आवृत्ती. त्याच्याकडे सहावी. मधे बरंच बदललं होतं. पण गंमत बघा, एररमध्येच स्पष्ट लिहिलं होतं की तुम्ही वापरताय ते पाचव्या आवृत्तीतलं आहे, कोड कसा बदलायचा ते अमुक ठिकाणी वाचा. त्याचं काम तासाभरात झालं.

मग त्यानं विचारलं, "दादा, रिले कुठल्या पिनला जोडायचा? आणि ५६० का?"

पिन मला आठवत नव्हती. सर्किटचा आमचा फोटो होता, पण त्यात सगळ्या वायरी लाल. म्हणजे ज्या माणसानं ती लायब्ररी लिहिली, त्यानं कधीही न भेटणाऱ्या पोराची अडचण आधीच ओळखून उत्तर लिहून ठेवलं होतं. आणि माझ्याच कॉलेजच्या, माझ्याच डिपार्टमेंटच्या पोराला मला काही सांगता येत नव्हतं.

म्हणून कोडसोबत एक रीडमी फाइल ठेवाच. कुठला बोर्ड, कुठली लायब्ररी, कितवी आवृत्ती, कुठली वायर कुठल्या पिनला, आणि सुरू करायच्या पायऱ्या क्रमानं. पासवर्ड मात्र त्यात टाकू नका. झालं की दुसऱ्या ग्रुपमधल्या मित्राला द्या आणि शेजारी गप्प बसा. तो जिथे अडेल, तिथे तुमच्या लिखाणात काहीतरी राहिलंय. बोलून सांगू नका, फाइलमध्ये लिहा.

पाचशे साठ का, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते एकाच व्यक्तीकडे होतं. मी दोन वर्षांनी तिला फोन केला. हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू. ती म्हणाली, "वही आहे माझ्याकडे. पाठवते. पण या वेळी तू लिही, आणि नीट लिही."

वहीच्या अकरा पानांचे फोटो आले. एका पानावर मातीचा डाग होता. मी दोन रविवार बसून चार पानं लिहिली. तक्ता, आलेख, पद्धत, मर्यादा. मोजमाप कुणी केलं, त्या जागी तिचं नाव. शेत कुणाचं, त्या जागी तिच्या पप्पांचं. ७०० हा आकडा आमच्या पुस्तकात चुकून आलाय आणि तो आमचा नाही, हेही लिहिलं. ते लिहिताना लाज वाटली, पण लिहिलं. आधी तिला दाखवलं. तिनं तीन चुका काढल्या. मग ज्युनियरला पाठवलं आणि कोडसोबत गिटहबवर टाकलं. त्यांच्या ग्रुपनं दुसऱ्या मातीत तेच मोजमाप केलं आणि त्यांच्या रिपोर्टमध्ये तिच्या नावानं उल्लेख केला.

तिचे मार्क काही वाढले नाहीत. निकाल लागून गेला होता, आणि ते मला भरून देता येणार नाही. पण तिनं ती चार पानं प्रिंट काढून पप्पांना दिली. त्यांनी चष्मा लावून बघितली, स्वतःचं नाव वाचलं आणि विचारलं, "दोन ओळी गेल्या ते लिहिलंय का यात?"

लिहिलंय. तिसऱ्या पानावर.

तर मंडळी, आजचा होमवर्क. हा एपिसोड संपला की मोबाइलमध्ये एक नवी नोट उघडा. वर आजची तारीख टाका आणि प्रोजेक्टबद्दल तीन ओळी लिहा. काय केलं, काय झालं, काय ठरवलं आणि का. प्रोजेक्ट अजून सुरू नसेल तर "आज विषय ठरला नाही, कारण अमुक" एवढं लिहा. चालेल. तुमच्या ग्रुपमध्ये जो कुणी गप्प बसून काम करतो ना, त्याला किंवा तिला आज एक फोन करा आणि विचारा, "तू नक्की काय काय केलंयस, सांग, लिहून घेतो."

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.